स्पीकरमधली घूं आणि खरखर: कोकणातल्या घरात तिचा माग कसा काढायचा

अँप्लिफायर चालू केला, गाणं अजून लावलंही नाही, आणि स्पीकरमधून घूं सुरू. इथे बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात: महागडी केबल मागवतात, नाहीतर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. पहिल्याने पैसे जातात, दुसऱ्याने जीव जाऊ शकतो. किनारपट्टीच्या घरांत या घूंची, म्हणजे हमची, दोन कारणं सर्वांत जास्त सापडतात. एक, उपकरणांना अर्थ (जमिनीशी जोडणी) धड मिळत नाही किंवा दोन वाटांनी मिळते. दुसरं, खाऱ्या हवेने गंजलेले जोड. दोन्हींचा इलाज स्वस्त आहे, पण आवाज कुठून आत शिरतोय हे आधी ठरवावं लागतं.

लागणारं सामान: साधा डिजिटल मल्टिमीटर, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कानकोरण्याचे कापूसबोळे, कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे, चार-सहा सॉकेटचा तीन पिनांचा चांगला एक्स्टेन्शन बोर्ड, आणि आकाशवाणी ऐकायचा जुना ट्रान्झिस्टर असेल तर तोही.

आधी कान लावा

आपली वीज ५० हर्ट्झची. खोल, गोल, पोटात घुमणारी ५० हर्ट्झची घूं बहुधा तुटलेल्या शील्डमधून (केबलच्या आतल्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून), ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा अर्थच्या लूपमधून, म्हणजे दोन वाटांनी अर्थ मिळाल्याने तयार झालेल्या बंद फेऱ्यातून, येते. एक सप्तक वरची, १०० हर्ट्झची घरघर पॉवर सप्लायची असते. डायोड प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे वापरतात म्हणून ५० चे १०० होतात, आणि फिल्टरचा कपॅसिटर थकला की ते थेट स्पीकरपर्यंत पोचतात. तिसरा प्रकार कर्कश ‘झर्रर्र’चा. तो पंख्याचा रेग्युलेटर, हलके एलईडी दिवे किंवा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर यांचा.

ओळखायला पेटी वापरा. वाडीत भजनी मंडळ असेल तर पेटी मिळतेच. खर्जातली पांढरी पाच ९८ हर्ट्झची, म्हणजे ५०, १०० आणि २०० हर्ट्झ हे तिन्ही पांढरी पाचलाच लागून, किंचित चढे. स्पीकरमधला सूर पांढरी पाचशी जुळला तर तो विजेचाच. दुसऱ्याच पट्टीशी जुळत असेल तर कॉम्प्युटरचा पंखा, यूएसबीचा सप्लाय किंवा असलं काहीतरी शोधा. अर्थिंग खणण्यात वेळ घालवू नका.

एकेक तार काढत जा

ही तपासणी पंधरा-वीस मिनिटांची आहे, आणि ती टाळून पुढे काहीही विकत घेण्यात अर्थ नाही.

व्हॉल्यूम शून्यावर आणा. हम तशीच राहिली तर दोष व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे अँप्लिफायरच्या पोटात. व्हॉल्यूमबरोबर ती कमी-जास्त होत असेल तर ती बाहेरून येते. मग सिलेक्टर फिरवून प्रत्येक इनपुट ऐका. एकाच इनपुटवर हम असेल तर त्या उपकरणाकडे किंवा त्याच्या केबलकडे बोट जातं.

आता अँप्लिफायर बंद करा आणि मागच्या सगळ्या आरसीए केबल (मधे दांडी आणि भोवती कडी असलेल्या पिनांच्या ऑडिओ केबल) काढा. बंद करूनच काढा: आरसीए पिनची मधली दांडी आधी टेकते आणि बाहेरची कडी मागाहून, त्यामुळे चालू असताना पिन लावली की जो धाडकन आवाज होतो त्यात ट्वीटर उडू शकतो. मोकळ्या इनपुटमध्ये शॉर्टिंग प्लग लावा. जुन्या आरसीए पिनची मधली दांडी आणि कडी सोल्डरने एकत्र केली की झाला प्लग. तो फक्त इनपुटमध्ये लावायचा, आउटपुटमध्ये कधीच नाही. आता चालू करून ऐका. शांत असेल तर अँप्लिफायर निर्दोष. मग एकेक उपकरण बंद-चालू करत जोडत जा. ज्या क्षणी घूं परत येते, तिथे थांबा.

त्या उपकरणाला मागून आणखी कोणत्या तारा येतात ते बघा. सेट-टॉप बॉक्स असेल तर डिशची केबल काढून ऐका, लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर ऐका. दहापैकी निम्म्या वेळा उत्तर इथेच मिळतं.

अर्थिंग: सगळ्यात जास्त गैरसमज इथेच

घरात तीन पिनांचं सॉकेट आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. जुन्या चिरेबंदी घरांत वायरिंग दोन तारांचं, नंतर बोर्ड तेवढे नवे बसवलेले, आणि वरच्या मोठ्या भोकामागे काहीच जोडलेलं नाही, हे सर्रास दिसतं. मग काय होतं? अँप्लिफायर, टीव्ही, कॉम्प्युटर यांच्या सप्लायमध्ये फिल्टरचे दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून बॉडीला आणि एक न्यूट्रलकडून बॉडीला. अर्थ नसेल तर बॉडी मधोमध, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगते. करंट अगदी थोडा, एक मिलिअँपिअरच्या आत, पण ओल्या हाताने डबा चाचपला की झिणझिण्या येतात. हाच करंट आरसीए केबलच्या शील्डमधून दुसऱ्या उपकरणाकडे वाट काढतो आणि स्पीकरमध्ये ऐकू येतो. तेव्हा हम आणि झिणझिण्या दोन्ही असतील तर आधी अर्थ तपासा.

मल्टिमीटर एसीच्या ६०० किंवा ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. सॉकेटमध्ये तीन मापं घ्यायची. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास हवं. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच. न्यूट्रल ते अर्थ तीनच्या आत. फेज ते अर्थ शंभर-दीडशे दाखवत असेल किंवा आकडा नाचत असेल तर अर्थची तार तुटलेली आहे, किंवा मुळात नाहीच.

आता त्याच बोर्डाच्या लाइनवर हजार वॉटची इस्त्री लावून न्यूट्रल ते अर्थ पुन्हा मोजा. आकडा थोडा वाढायला हवा, एखाद-दोन व्होल्ट. इस्त्री तापत असतानाही तो ठाम ०.० राहिला तर संशय घ्या: कोणीतरी बोर्डातच न्यूट्रल आणि अर्थची पिन तारेच्या तुकड्याने जोडून ‘अर्थिंग’ केली असण्याची शक्यता आहे. न्यूट्रल कुठे सुटला तर त्या घरातल्या प्रत्येक लोखंडी डब्यावर फेज येतो. शिवाय न्यूट्रलचा करंट शील्डमधून वाहून हम वाढते ती वेगळी. असा बोर्ड परवानाधारक वायरमनकडून त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या.

मीटरचे आकडे बरोबर आले म्हणून अर्थिंगचा जमिनीतला खड्डाही चांगला असं समजू नये. मीटर इतका थोडा करंट घेतो की दोनशे ओहमची अर्थिंगही त्याला छानच दिसते. खरं माप अर्थ टेस्टरने निघतं; घरासाठी ५ ओहमच्या आत असावं. जांभ्याच्या कातळावर, सड्यावरच्या घरात हे गाठणं कठीण, आणि एप्रिल-मेमध्ये जमीन भाजून निघाली की चांगल्या खड्ड्याचाही रोध चढतो. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, हवाच. तो हम घालवत नाही, माणूस वाचवतो.

खड्डा नवा करायचा तर घराच्या पायापासून किमान दीड मीटर लांब, बाथरूमचं किंवा माडाच्या आळ्याचं पाणी मुरतं अशा जागी. माती खोल असेल तर अडीच-तीन मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप किंवा तांब्याचा मुलामा दिलेला रॉड. कातळ लागत असेल तर २५ बाय ४ मिलीमीटरची जीआय पट्टी परड्यात अर्धा मीटर खोल, पंधरा मीटर आडवी पुरणं जास्त उपयोगी. मिठाचा मोह आवरा: तीन हजार मिलीमीटरच्या पावसात ते धुऊन जातं, आणि राहतं तेवढं जीआयला खातं. त्याऐवजी बेंटोनाइट (ओल धरणारी चिकणमाती) भरा. वरच्या नटबोल्टला ग्रीस चोपडा आणि दर मे महिन्यात आवळून बघा.

आता एक गोष्ट, जी ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. हमच्या दृष्टीने खड्डा ५ ओहमचा की ५० चा याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो सगळ्या उपकरणांच्या अर्थ एकाच ठिकाणी घट्ट जुळल्या आहेत का याने. म्हणून टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, अँप्लिफायर, लॅपटॉप सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावा. पाचशे वॉट धरले तरी २३० व्होल्टला सव्वादोन अँपिअरच होतात, सहा अँपिअरचा बोर्ड आरामात सोसतो. एक उपकरण माजघराच्या बोर्डावर आणि दुसरं पडवीच्या, ही व्यवस्था म्हणजे हमला आमंत्रण. आणि ‘ऑडिओसाठी वेगळी अर्थिंग’ म्हणून दुसरा रॉड ठोकून तो मोकळा ठेवू नका. दोन खड्ड्यांत व्होल्टेजचा फरक पडतो, तो शील्डमधून वाहतो, आणि जवळपास वीज पडली तर हजारो व्होल्टचा फरक तुमच्या अँप्लिफायरमधून जातो. दुसरा रॉड घातलाच तर तो पहिल्याशी जाड तारेने जोडलेला हवा.

डिश, टीव्ही आणि लॅपटॉप

डिशचा लोखंडी खांब चिऱ्याच्या भिंतीत रोवलेला असतो. पावसात भिंत भिजली की तोच दुसरी अर्थिंग होतो, आणि केबलच्या शील्डमधून बॉक्स, टीव्ही, अँप्लिफायर असा लूप पुरा होतो. ‘पावसाळ्यात हम येते, उन्हाळ्यात नाही’ किंवा नेमकं उलट, अशा तक्रारींमागे बहुतेक वेळा हा खांब असतो.

बाजारात केबलचा ग्राउंड आयसोलेटर मिळतो, पण तो केबल टीव्हीलाच चालतो. डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डबीला) त्याच केबलमधून १३ किंवा १८ व्होल्ट डीसी जावे लागतात; साधा आयसोलेटर ते अडवतो आणि पडद्यावर सिग्नल नाही असं येतं. घरी डिश असेल तर लूप ऑडिओच्या बाजूला तोडावा. टीव्हीच्या ऑप्टिकल आउटपुटमधून प्लास्टिकची ऑप्टिकल केबल, पुढे छोटा कन्व्हर्टर, तिथून आरसीए अँप्लिफायरला. ऑप्टिकल केबलमध्ये धातूच नाही, त्यामुळे हम जायला वाटच राहत नाही. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ ‘पीसीएम’वर ठेवायला विसरू नका, डॉल्बीवर राहिला तर स्वस्त कन्व्हर्टरमधून आवाजच येत नाही आणि माणूस केबलला दोष देत बसतो.

लॅपटॉपचा चार्जर लावल्यावरच हम येत असेल तर हेडफोनच्या जागी ३.५ मिलीमीटरचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. स्वस्तातल्याचा गाभा लहान, त्यामुळे मोठ्या आवाजाला खालचा बास दबतो. लॅपटॉपचा व्हॉल्यूम ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवून अँप्लिफायरवर आवाज वाढवला तर हा दोष बराच झाकला जातो. मृदंग-पखवाज नीट ऐकायचा असेल तर मात्र ब्लूटूथ किंवा ऑप्टिकलच बरं.

खारी हवा

समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत आरसीए सॉकेटची चकाकी दोन पावसाळ्यांत जाते. बाहेरच्या कडीवर पांढुरकी किंवा हिरवट पूड जमते. मधली दांडी टेकलेली असते म्हणून गाणं ऐकू येतं, पण कडीचा संपर्क सुटला की सिग्नलला परतीची वाट अर्थच्या तारेने घ्यावी लागते, आणि प्रचंड हम येते. ओळख सोपी: पिन हलकेच फिरवा. घूं कमी-जास्त झाली, खरखरली, तर सापडला चोर.

उपकरण बंद करून प्लग काढा. कापूसबोळा अल्कोहोलमध्ये बुडवून सॉकेटची कडी बाहेरून पुसा. हिरवं निघेपर्यंत बोळे बदलत राहा, तोच बोळा फिरवून घाण पसरवू नका. पिनच्या कडीच्या पाकळ्या पकडीने अगदी किंचित आत दाबा, इतक्या की पिन लावताना जोर लागेल पण सॉकेट उखडणार नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा पिनवर मारा, लावा, चार-पाच वेळा डावी-उजवी फिरवा. गंज सोडवायचं साधं तेल वापरू नका. ते मागे चिकट थर ठेवतं आणि त्यावर धूळ बसते. आगोटीच्या कामांत हे एक काम धरा, आणि पाऊस गेल्यावर ऑक्टोबरात पुन्हा एकदा.

व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खर्र येत असेल तर पॉटच्या (बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरच्या) फटीतून थोडा क्लीनर आत सोडून बटण वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. स्पीकरच्या तारांची टोकं काळी-हिरवी पडली असतील तर दोन सेंटिमीटर कापून नवं तांबं काढा. त्याने हम जाणार नाही, पण तडतड जाईल. पावसाळ्यात सिस्टीम आठवड्यातून दोन-तीनदा तासभर चालू ठेवावी. आतल्या उबेने ओल धरत नाही. चाकरमान्यांची बंद घरं गणपतीला उघडली की सिस्टीम खरखरते ती याचमुळे.

पंखा, दिवे, इन्व्हर्टर

ट्रान्झिस्टर मध्यम लहरींवर, दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि घरभर फिरवा. जिथे झर्रर्र वाढते तिथे उगम. गोल फिरणारा जुना इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर असेल तर तो काढून कपॅसिटरचा पायऱ्यांचा रेग्युलेटर बसवा. आवाज जागच्या जागी थांबतो. एलईडी दिवा गुन्हेगार निघाला तर बदलण्याखेरीज इलाज नाही.

वीज गेल्यावरच घरघर सुरू होत असेल तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. त्याच्या लाटेत १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे विषम पट भरलेले असतात, आणि कुठलाही लहान फिल्टर त्यांना पुरता थोपवत नाही. साइन वेव्ह इन्व्हर्टर घ्या, नाहीतर तेवढा वेळ मोबाइलवर ऐका. स्टॅबिलायझर हमवर औषध नाही. फक्त संध्याकाळी व्होल्टेज दोनशेच्या बरंच खाली जाऊन घरघर वाढत असेल तर त्याचा उपयोग होतो, कारण कमी व्होल्टेजला आतला रेग्युलेटर हात टेकतो आणि १०० हर्ट्झ पुढे सोडतो.

सिग्नलची केबल आणि विजेची तार एकत्र बांधू नका. समांतर जात असतील तर एक फूट अंतर, ओलांडावीच लागली तर काटकोनात.

असेंबल केलेला अँप्लिफायर

तालुक्याच्या दुकानात ४४४० आयसीचा बोर्ड, १२-०-१२चा ट्रान्सफॉर्मर आणि ब्लूटूथची पट्टी घालून बनवलेले डबे घरोघरी आहेत. त्यांची हम बहुधा जोडणीतली असते. डबा उघडण्याआधी प्लग काढा, आणि मोठ्या कपॅसिटरच्या दोन टोकांना १ किलोओहम ५ वॉटचा रेझिस्टर मिनिटभर लावून तो रिकामा करा. मीटरवर दोन व्होल्टच्या आत दिसल्याशिवाय आत बोट घालू नका. व्हॉल्व्हचा सेट असेल तर हे काम कारागिराचंच. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या तारेतून कपॅसिटरच्या निगेटिव्हकडे करंट सलग वाहत नाही, झटक्या-झटक्याने जातो, सेकंदाला शंभर वेळा. झटका दहा अँपिअरचा आणि त्या तारेचा रोध फक्त ०.०१ ओहम धरला तरी तिच्यावर ०.१ व्होल्ट पडतात. इनपुटची ग्राउंड तार याच तुकड्यावर कुठेतरी जोडली असेल तर ते ०.१ व्होल्ट गाण्याबरोबर मोठे होऊन बाहेर येतात. उपाय: ट्रान्सफॉर्मरची मधली तार आधी कपॅसिटरच्या निगेटिव्हवर, आणि त्याच्या पलीकडे एक वेगळा बिंदू धरून तिथे बोर्डाची, स्पीकरची आणि इनपुटची ग्राउंड, प्रत्येकी स्वतंत्र तारेने. आरसीए सॉकेट पत्र्याला टेकू देऊ नका, मधे फायबरचा वॉशर घाला. पत्र्याचा डबा या बिंदूला एकाच ठिकाणी जोडायचा आणि तीन पिनांच्या प्लगची हिरवी तार डब्याला बोल्टने, कायमची.

कपॅसिटर ४७०० मायक्रोफॅरडचा आणि करंट २ अँपिअर असेल तर व्होल्टेज चारेक व्होल्टने वर-खाली होतं. १०,००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, १०५ डिग्रीचा घातला तर दोनवर येतं. माथा फुगलेला कपॅसिटर मोजत बसू नका, बदला. ध्रुव उलटे लागले तर तो फुटतो. प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरड १०० व्होल्टचा डिस्क कपॅसिटर बसवला की घरघरीची कर्कश धार जाते.

ब्लूटूथची पट्टी बसवल्यापासून बारीक ‘चीं’ येत असेल तर ती त्याच सप्लायवर चालते म्हणून. आधी तिला वेगळ्या मोबाइल चार्जरवर चालवून ऐका. शांत झालं तर बी०५०५एस-१डब्ल्यू नावाचा ५ व्होल्टचा आयसोलेटेड कन्व्हर्टर मधे घाला. तो २०० मिलिअँपिअर देतो, पट्टीला एवढे पुरून उरतात.

डब्याबाहेरचा लूप एवढं करूनही सुटत नसेल तर ग्राउंडचा बिंदू आणि डबा यांच्यातली तार काढून तिथे १० ओहम ५ वॉटचा रेझिस्टर, त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड २७५ व्होल्ट एक्स२ कपॅसिटर आणि ३५ अँपिअरचा ब्रिज (चार डायोडांचा एकत्र तुकडा) बसवा. ब्रिजचे प्लस-मायनस एकत्र जोडायचे, आणि दोन एसी टोकांपैकी एक ग्राउंडला, दुसरं डब्याला. डब्याची अर्थ जशीच्या तशी राहते, फक्त लूपचा करंट अडतो. पिन कापणाऱ्यांना जे हवं असतं ते हेच, जीव धोक्यात न घालता.

रेकॉर्ड प्लेअर

मूव्हिंग मॅग्नेट काडतुसातून (सुई बसवलेल्या कार्ट्रिजमधून) जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, तेव्हा इथे हम सर्वांत लवकर ऐकू येते. टर्नटेबलची वेगळी बारीक ग्राउंड तार अँप्लिफायरच्या फोनो (रेकॉर्ड प्लेअरच्या) इनपुटजवळच्या स्क्रूला लावलेलीच हवी. प्लेअर अँप्लिफायरच्या माथ्यावर ठेवू नका. दीड-दोन फूट बाजूला सरकवून फरक ऐका. हम टोनआर्म आत नेताना वाढत असेल तर ती जवळच्या ट्रान्सफॉर्मरची किंवा प्लेअरच्याच मोटरची.

सगळं झाल्यावर नेहमी ऐकता त्या व्हॉल्यूमवर, गाणं न लावता, स्पीकरपासून हातभर अंतरावर उभे राहा. तिथे काही ऐकू येत नसेल तर काम झालं. कान जाळीला टेकवल्यावर येणारी बारीक ‘स्स्’ आयसी आणि रेझिस्टरचीच असते; तिला पट्टी नसते, पेटीवर ती सापडत नाही आणि अर्थिंगने जात नाही. आणि स्पीकर शांत असताना अँप्लिफायरचा डबाच गुणगुणत असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या ढिल्या आहेत: चार बोल्ट आवळा, खाली रबराचे वॉशर घाला.